म्हातारीची खूण

६ नोव्हेंबर

आज खोटं बोललो. म्हणजे बोललो नाहीच, गप्प बसलो. पण तेही खोटंच की!

गावच्या सभागृहात सगळ्या होडीवाल्यांना बोलावलं होतं. समुद्रापलीकडच्या वाल्पाराइसो शहरातून एक बाई आली आहे, इव्होन नावाची. झाडाझुडपांचा अभ्यास करते. बाहेरून येतो त्याला आम्ही बेटावरचे लोक प्लास्टिक म्हणतो — लाटेबरोबर येतं, लाटेबरोबर जातं. ही प्लास्टिक तशी साधी वाटली. बुटांना चिखल, नाकाची साल निघालेली. तिनं भिंतीवर एक मोठा फोटो लावला. कुठल्याशा कपाटात शंभर वर्षं दाबून ठेवलेली वाळकी फांदी.

म्हणाली, हे झुडूप फक्त आपल्या बेटावर होतं, जगात दुसरीकडे कुठंच नाही. शेळ्यांनी आणि सशांनी संपवलं असं पुस्तकात लिहिलंय. पण मला वाटतं, एखाद्या कड्यावर अजून उरलं असेल. तुम्ही रोज समुद्रावरून कडे बघता. कुणी पाहिलंय?

आणि म्हणाली, हे गाजराच्या कुळातलं आहे.

लिन्दोर, माझा मेहुणा, मागून ओरडला, “मग सशांना कशाला बोल लावता, बाई!”

सगळे हसले. मीही हसलो. पण फोटोतलं ते झुडूप मी लहानपणापासून बघतोय. ती म्हातारी आहे. आमची म्हातारी!

७ नोव्हेंबर

झोप नाही. लिहू का नको असं करता करता सकाळ झाली. वही माझ्या लेकीची, यास्नाची आहे, शाळेतली, मागची पानं कोरी राहिलेली. जुन्या बोयांच्या पेटीत ठेवतो. ती पेटी कुणी उघडत नाही. लिहितोच.

म्हातारी म्हणजे पश्चिमेच्या कड्यावरच्या कपारीतलं झुडूप. राखाडी-पांढरं डोकं, म्हणून बापानं हे नाव ठेवलं. ती गावातून दिसत नाही, डोंगरावरूनही नाही. फक्त पाण्यावरून दिसते. ती पांढऱ्या खडकाच्या बरोबर डोक्यावर आली आणि टोकाचा सुळका मागच्या डोंगराच्या खाचेत बसलेला दिसला, की होडीच्या खाली आमची जागा असते. शेवंडांची, त्या मोठ्या समुद्री झिंग्यांची जागा. बापाची होती, आता माझी.

इथं प्रत्येक घराच्या अशा खुणा आहेत. दुसऱ्याच्या खुणेवर कुणी शेवंडांचा पिंजरा टाकत नाही — असं म्हणतात! बापानं कधी भरवसा ठेवला नाही, मीही नाही. म्हणून आमच्या पिंजऱ्याचा बोया, जागा दाखवणारा तो गोळा, पाण्यावर तरंगत नाही. दोर आखूड ठेवायचा, म्हणजे बोया हातभर पाण्याखाली राहतो. ज्याला खूण जुळवता येते त्याच्याच काठीच्या आकड्याला तो लागतो. चोर शेजारून जाईल आणि त्याला पत्ता लागणार नाही.

यास्नाला माझ्यामागे दुसरं काय आहे? तिचा नवरा समुद्रापलीकडे कामाला गेला तो गेलाच. ही होडी आणि ही खूण, बास. बाईमाणूस शेवंडं धरते म्हणून धक्क्यावर अजून तोंडं वाकडी होतात. मी म्हातारी दाखवली तर उद्या त्या कड्याखाली दोर येतील, पाट्या लागतील, नकाशे निघतील, अर्धं गाव गोळा होईल. मग खूण सगळ्यांचीच.

म्हणून गप्प बसलो. बरोबरच केलं. मग झोप का येत नाही?

१० नोव्हेंबर

म्हातारी आज धूसर दिसली. धुकं होतं. यास्ना म्हणाली, “कुठंय धुकं, बाबा?” तिला काय कळतं! मी पुढं उभा राहून नेहमीसारखं सांगत गेलो — डावीकडे, अजून थोडं, थांब, आता! तिनं आकडा टाकला आणि बोया लागला. ती जवळ ती जीपीएसची डबी ठेवते, मी तिच्याकडे बघतही नाही. डबीनं शेवंडं सापडत असती तर लिन्दोर केव्हाच श्रीमंत झाला असता.

दवाखान्यातली नर्स मोतीबिंदू म्हणते. पलीकडे जाऊन काढून या म्हणते. तिला काय, जा म्हणायला!

१५ नोव्हेंबर

इव्होन घरी आली! लिन्दोरनं पाठवलं. तिला म्हणाला म्हणे, “आमच्या दाजींना विचारा. बायकोकडे पाहिलं नसेल तेवढं त्यांनी कड्यांकडे पाहिलंय.” माझी बायको उबेरलिंदा हे ऐकून एवढी हसली की चहा सांडला. म्हणाली, “खरंय ते. आमच्या लग्नातही खिडकीतून भरती बघत होता!” आणि त्या बाईपुढं ताजा पाव ठेवला, वर मुरंबा. आमच्या घरी कुणी आलं की उबेरलिंदाला ते आपलंच वाटतं.

इव्होननं मला सगळं समजावून सांगितलं. ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं. पान लांब, कडक, चामड्यासारखं. फूल एकेकटं दिसतच नाही इतकं बारीक. सगळी मिळून शिंप्याच्या अंगुस्तानाएवढं बोंड होतं. बोंडाखाली काटेरी पट्टा, राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा. डोंगरावर याच्यासारखंच दुसरं झुडूप बरंच आहे, त्याला फसायचं नाही. त्याचा पट्टा आखूड असतो. याचा बोंडाच्या बाहेर येतो आणि खालून पांढरा असतो. बीवर माशासारखे खवले. आणि पान चुरगाळलं की गाजराच्या पाल्याचा वास.

“एवढं सगळं जुळलं, तरच ते,” म्हणाली. “काका, तुम्हाला काही आठवतं?”

मी पावाचा तुकडा तोंडात ठेवला. चावत राहिलो. मग म्हटलं, “तरुणपणी एकदा पाहिल्यासारखं वाटतं. फुटक्या होडीच्या घळीत. वरच्या अंगाला.”

फुटक्या होडीची घळ बेटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. सगळी काटेरी जाळी. शेळीसुद्धा आत जात नाही.

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. “थँक्यू, काका!”

हात धुतला तरी तसाच वाटतोय.

२२ नोव्हेंबर

ती घळीतून परत आली. हातांवर, गळ्यावर ओरखडे. दोन रात्री तंबूत काढल्या म्हणे, पावसात. पिशवीतून एक जुडी काढून माझ्यापुढं धरली. “हेच का तुम्ही पाहिलेलं?”

मला धड दिसलं नाही. हिरवं काहीतरी, वर पिवळं. मनात म्हटलं, हो म्हणावं म्हणजे सुटलो. म्हटलं, “हेच! अगदी हेच!”

ती खो खो हसली. “काका, ही बडीशेप! कुळ तेच, पण चुलत सोडा, सोयरिकीतलंसुद्धा नातं नाही!”

उबेरलिंदानंही पाहिलं. “अरे देवा, म्हाताऱ्या, रोज माशात घालते ती!”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट धक्क्यावर पोचली. लिन्दोर — “दाजी, पिंजऱ्यात बटाटे आले तर शेवंडं म्हणून विकू नका हं!” सगळ्यांसमोर. मी टोपी खाली ओढली आणि दोर गुंडाळत बसलो. जो गुंडाळलेला होता तोच परत.

इव्होन रागावली असती तर बरं झालं असतं. तिला एक मोठं शेवंड दिलं. नको म्हणत होती, कोंबलं.

३ डिसेंबर

ती परत त्या घळीत गेली आहे. “वरच्या अंगाला राहिलं असेल,” म्हणाली. माझ्या शब्दावर!

९ डिसेंबर

दक्षिणेचा वारा सुटलाय. होड्या वर ओढून ठेवल्या. रात्री पश्चिमेकडून गडगडल्यासारखा आवाज आला. उबेरलिंदा म्हणाली ढग. मी म्हटलं लाटा. पिंजरे राहतात की जातात, जिवाला घोर.

१२ डिसेंबर

आज वारा पडला. पहाटे गेलो. पाणी गढूळ, वर पालापाचोळा. म्हातारी दिसली. म्हणजे तिथं पांढरं दिसलं. सांगत गेलो — डावीकडे, थांब, आता! बोया लागला. अजून हात चालतो!

पण दोर वर येईना. यास्नानं ओढला तर त्याला एक फांदी गुंतलेली. मोठी, हातभर लांब, मुळाकडून तुटलेली. यास्ना तिच्याकडे बघत राहिली. मग कड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी म्हटलं, “टाक ते, कचरा आहे.” लगेच म्हटलं, “नको, मला दे. चुलीला होईल.”

ती पाठमोरी होऊन जरा वेळ दोरातून फांदी सोडवत बसली, मग पोत्यात घालून माझ्या पायाशी ठेवली. परतताना शेवंडं मोजली नाहीत, गाणंही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

फांदी खोपटात आहे, जाळ्यांखाली. म्हातारीचीच असणार. वाऱ्यानं एक फांदी मोडली असेल. एवढी मोठी आहे ती, एका फांदीनं काय होतं!

१३ डिसेंबर

उबेरलिंदा चर्चच्या कामाला गेल्यावर खोपटाचं दार लावून घेतलं. फांदी उजेडाला धरली. डोळ्यांनी जमेना, म्हणून बोटांनी बघितलं.

पान कडक, चामड्यासारखं. होय. बोंड अंगुस्तानाएवढं. होय. पट्टा — बोट फिरवलं तर बोंडाच्या बाहेर येतो, टोचला. उलटा करून डोळ्याला लावला. खालून पांढरा! एका डहाळीवर मागच्या उन्हाळ्यातली वाळकी बोंडं तशीच होती. एक चोळलं. बी तळहातावर पडलं. त्यावर खवले. नखाला लागतात. पान चुरगाळलं.

गाजराचा पाला.

आयुष्यभर जिच्याकडे दुरून पाहिलं ती माझ्या हातात. काय वाटलं ते लिहिता येत नाही. शिकलो असतो तर आलं असतं. पहिली गोष्ट मनात आली ती ही की इव्होनला बोलवावं. उठलोसुद्धा. दारापर्यंत गेलो.

मग वाटलं, ती विचारणार, कुठं सापडली? दोराला. कुठल्या दोराला? कुठल्या कड्याखाली? संपलं. आणि ही इथं ठेवली तर कधीतरी कुणाच्या हाती लागणारच. उबेरलिंदा एक दिवस खोपटं आवरणार.

चुलीत घातली. सगळी. हातावरचं बीसुद्धा. फुलं चुटचुट वाजत जळली.

उबेरलिंदा दारातूनच, “म्हाताऱ्या, गाजरं करपवलीस का?”

“हो,” म्हटलं.

“घरात गाजरं आहेतच कुठं?”

मी राख उकरत बसलो.

१४ डिसेंबर

पडद्यांना अजून वास आहे.

२४ डिसेंबर

उबेरलिंदानं इव्होनला नाताळच्या जेवणाला बोलावलं. मला न विचारता. मोठ्या पातेल्यात शेवंडांचा रस्सा, लिन्दोर आणि त्याची गिटार, सगळं घर भरलेलं. मी कोपऱ्यात बसलो. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली!

“काका, वाऱ्यानंतर समुद्रात काही वाहून येतं का? फांदी वगैरे?”

चमचा तोंडापाशी थांबला. टेबलापलीकडून यास्ना बघत होती.

म्हटलं, “येतं की. प्लास्टिक येतं.”

काय हसले सगळे! लिन्दोरनं गिटार बडवली. इव्होनही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. यास्ना मात्र हसली नाही. उठून ताटं उचलायला लागली. अजून जेवणं व्हायची होती.

पाहुण्याला घरी बोलावून असं बोललो. बाप असता तर टेबलावरून उठवलं असतं.

११ जानेवारी

इव्होन दर आठवड्याला येते. कधी पीठ घेऊन, कधी उबेरलिंदाला लोकर घेऊन. येते, बसते, जाताना दारात थांबून विचारते, “काही आठवलं का, काका?” रागानं नाही, घाईनंही नाही. जणू माझ्याकडे काही ठेवायला दिलंय आणि ते परत न्यायला आली आहे.

मी नाही म्हणतो. ती म्हणते, “बरं. पुढच्या वेळी.”

२६ जानेवारी

आज तिला विचारलं, नाहीच सापडलं तर काय होईल?

“तसं काहीच होणार नाही, काका. मी मार्चमध्ये परत जाईन. दुसरं काम करीन.” मग म्हणाली, “एक जरी जिवंत असलं तरी बी घेऊन दुसरीकडे लावता येईल. पण एकटं आहे तसं राहिलं आणि एक दिवस गेलं, तर ते गेलं. कुणाला कळणारही नाही की ते कालपर्यंत होतं.”

तिचा बाप मासे विकायचा म्हणे, बाजारात. तिला वनस्पती का, विचारलं तर म्हणाली, “मासे पळतात. ही झाडं एका जागी थांबतात, आपली वाट बघत.”

ती गेल्यावर बराच वेळ पायरीवर बसून होतो. बापानं पाहिली तेव्हाही म्हातारी तेवढीच होती. आजोबांनी पाहिली असेल तेव्हाही. तिला पोर नाही, शेजार नाही. आजवर एकदाही मनात आलं नाही की ती एकटी आहे. मला ती फक्त खूण होती. दगडासारखी.

८ फेब्रुवारी

सांगायचं. उद्या सांगायचं.

९ फेब्रुवारी

नाही सांगितलं. लिन्दोरची होडी पश्चिमेकडे गेलेली दिसली. त्याचं तिकडे काय काम? दिवसभर तेच डोक्यात.

१७ फेब्रुवारी

उबेरलिंदानं आज जेवताना चमचा खाली ठेवला. “कोण ही म्हातारी? झोपेत सारखा हाका मारतोस. मी तर उठून ओ देते, पण तू तर वळून झोपतोस!”

मला हसू आलं. मग घास तसाच ताटात ठेवला. तिनं पाहिलं. टोमणा गिळला आणि माझ्या ताटात अजून एक मासा वाढला. दुसरं काही विचारलं नाही. ही बाई आयुष्यभर मला विचारत नाही, वाढते.

१ मार्च

इव्होनचं जहाज या आठवड्यात.

आज ती आली, बसली, दारात थांबली. “काही आठवलं का, काका?” असं म्हणाली नाही. नुसती थांबली. मग “येते” म्हणाली. दार तिनंच लावलं. ते लागल्याचा आवाज इतका लहान होता!

बस्स झालं.

४ मार्च

सगळं लिहितो. नाही लिहिलं तर उद्या स्वतःलाच वेगळं सांगेन.

पहाटे यास्नाला म्हटलं, “इव्होनला बोलव. तिला आपल्या खुणेवर न्यायचं.” मला वाटलं यास्ना भांडेल, खूण का देता म्हणेल. ती हातातली बादली घेऊन नुसती उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबा, नका जाऊ.” मी म्हटलं, “माझं ठरलंय.” ती म्हणाली, “तसं नाही, बाबा...” आणि बादली होडीत ठेवून दोर सोडायला लागली.

गेलो. समुद्र सपाट, आकाश स्वच्छ. मी पुढं उभा राहिलो. टोकाचा सुळका खाचेत बसला. डावीकडे. अजून थोडं. पांढरा खडक. थांब. आता!

“ती बघ,” मी इव्होनला म्हटलं, “त्या कपारीत. खडकाच्या बरोबर वर. तीच ती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुला लबाडी करून घळीत पाठवलं.”

तिनं दुर्बीण लावली. बराच वेळ. दुर्बीण वर नेली, खाली आणली. मी म्हटलं, “दिसते ना? पांढरं डोकं?”

तिनं दुर्बीण खाली घेतली आणि यास्नाकडे पाहिलं.

यास्ना म्हणाली, “बाबा, तिथं कपार नाही. कडा पडलाय. डिसेंबरातल्या त्या वाऱ्यात. जे पांढरं दिसतं ना तुम्हाला, ती नवी फुटलेली दगडाची भिंत आहे.”

मी म्हटलं, “मग रोज खूण कशी जुळते?”

ती डबीकडे बघत राहिली.

किती सकाळी मी पुढं उभा राहून ओरडलो असेन, आता! आता! आणि ती मागं मुकाट्यानं डबी बघून होडी नेत होती. “का नाही सांगितलंस?” विचारलं. म्हणाली, “तुम्ही इतक्या आनंदानं ओरडायचात.”

धक्क्यावर लिन्दोर पिंजरे दुरुस्त करत होता. तिघांची तोंडं बघून त्याला कळलं. “म्हातारीकडे गेला होतात का, दाजी? पडली बिचारी.”

“तुला कुठून ठाऊक?”

“म्हणजे? सगळ्यांना ठाऊक आहे! तुमचा बाप त्या पांढऱ्या डोक्याखाली पिंजरा टाकायचा, आणि आम्ही काय आंधळे? ते झुडूप बाईंच्या फोटोतलंच, हे मला नव्हतं कळलं, आईशप्पथ. पण खूण तुमची, हे तर पोराटोरांना माहीत.”

“मग कुणी पिंजरा टाकला नाही कधी?”

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला शिवी दिली. “तुमच्या खुणेवर? आम्ही कशाला टाकू?”

खरंच शिवीच दिली. जन्मभर देत आलो, प्रत्येकाला, मनातल्या मनात. बोया पाण्याखाली बुडवून.

५ मार्च

एक राहिलं होतं, तेही सांगितलं. इव्होन सामान बांधत होती. म्हटलं, एक फांदी माझ्या हाती आली होती. बोंडांसकट, बियांसकट. तू सांगितलेली प्रत्येक गोष्ट जुळवून पाहिली. तीच होती. आणि मी ती चुलीत घातली.

ती खाली बसली. खोक्यावरच.

“सगळी?”

“सगळी.”

तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ओरखड्यांचे व्रण अजून आहेत. मला वाटलं ओरडेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला वाटत होतं तुम्ही ठेवली असेल. कुठंतरी लपवून.”

तेव्हा ते डोक्यात शिरलं नाही. बाहेर पडून निम्म्या वाटेवर आलो आणि थांबलो. फांदी आली होती हे हिला माहीत होतं! नाताळात तिनं विचारलं ते उगीच नव्हतं. दर आठवड्याला ती दारात थांबायची ते — तिला वाटायचं, आज देईल म्हातारा. आज देईल.

परत जाऊन काही बोलायचं धाडस झालं नाही.

७ मार्च

जहाज गेलं. धक्क्यावर ती आणि यास्ना बराच वेळ बोलत होत्या. मी कोठाराच्या मागं उभा होतो. उबेरलिंदानं तिला पाव बांधून दिला. तिनं इकडंतिकडं पाहिलं, मला शोधत होती की काय कोण जाणे. मी पुढं झालो नाही.

२० मार्च

होडीवर जात नाही. पाठ दुखते असं सांगितलंय.

९ एप्रिल

यास्नानं बोया पाण्यावर सोडलाय. लाल रंगाचा, लांबून दिसेल असा. कुणी हात लावलेला नाही.

२ मे

लिन्दोर आला. पत्ते काढले. तीन डाव हरला. तो कधी हरत नाही.

१४ मे

हंगाम आज संपला. पिंजरे वर आले. यास्ना म्हणाली, “बाबा, चला माझ्याबरोबर.” राष्ट्रीय उद्यानवाल्यांच्या कचेरीमागं रोपवाटिका आहे, तिथं घेऊन गेली. एका कुंडीपाशी माझा हात धरून खाली नेला. “हळू.” बोटाला काहीतरी लागलं. दोऱ्याएवढा देठ, वर दोन इवली पानं. मग दुसरं. मग तिसरं. मी बोट नाकाशी नेलं आणि मला कळलं.

“त्या दिवशी होडीत,” ती म्हणाली, “पोत्यात घालायच्या आधी एक वाळकं बोंड मोडून खिशात टाकलं. इव्होनला दिलं. समुद्रातून आलं, फांदी तुम्ही घरी नेली, एवढंच सांगितलं, खूण सांगितली नाही. ती तुमची होती.”

“मोडून का घेतलंस? मला मागता आलं असतं.”

“तुम्ही जाळणार हे मला माहीत होतं, बाबा.”

रागानं म्हणाली नाही. वारा दक्षिणेचा आहे, असं सांगावं तसं म्हणाली.

पानाला परत बोट लावलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, यांना पाणी कोण घालतं?

“आजवर मी,” ती म्हणाली. “आजपासून तुम्ही. इव्होनचा निरोप आहे.” आणि झारी माझ्या हातात दिली.